अमेरिकेतल्या सरकारी कॅम्पग्राउंडवर किती रात्री राहता येतं? मुक्कामाच्या मर्यादेचा हिशेब

कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी नॅशनल पार्कमध्ये १ मे ते १५ सप्टेंबर या काळात जास्तीत जास्त १४ रात्री कॅम्पिंग करता येतं. त्यातल्या फक्त ७ रात्री योसेमिटी व्हॅली आणि वावोना इथे, दोन्ही मिळून. शिवाय सबंध कॅलेंडर वर्षाची कमाल मर्यादा ३० रात्रींची. भारतातून आई-बाबा आलेत, मुलांना सुट्टी आहे, तर पंधरा-वीस दिवस व्हॅलीतच तंबू ठोकून राहू, असा बेत बे एरियातल्या मराठी घरांत दर उन्हाळ्यात शिजतो आणि या तीन आकड्यांपाशी अडतो. आरक्षणाची मारामारी सगळ्यांना ठाऊक असते. मुक्कामाला मर्यादा असते हे मात्र पुष्कळांना तिथे पोचल्यावर, तेही रेंजरकडून कळतं.

ही मर्यादा नीट समजून घेतली तर पंधराच काय, वीस-पंचवीस रात्रींचा प्रवासही नियमात बसवता येतो. त्यासाठी बुकिंगच्या आधी कागद-पेन्सिल घेऊन अर्धा तास बसावं लागतं.

मर्यादा आहे तरी कशासाठी

१९२० च्या दशकात मोटारी स्वस्त झाल्या आणि कॅलिफोर्नियातल्या रेडवुड व सिकोयाच्या राईंमध्ये लोक गाडी वाटेल तिथे घालून तंबू ठोकू लागले. वनस्पतिरोगतज्ज्ञ एमिलिओ माइनेके यांनी याचा झाडांवर होणारा परिणाम अभ्यासला. पायांनी आणि चाकांनी माती दाबली जाते, तिच्यातली हवा निघून जाते, पाणी मुरत नाही आणि वरच्या थरातली बारीक मुळं मरतात. झाड लगेच पडत नाही, काही वर्षं झुरत राहतं. म्हणून माइनेके यांनी जागा बांधून घ्यायची पद्धत सुचवली: एकेरी वळणाचा रस्ता, त्याला लागून प्रत्येक कुटुंबासाठी गाडीची एक खाच, कडेला ओंडके किंवा मोठे दगड आणि चूल व टेबल ठरल्या जागी. आज अमेरिकेतल्या जवळजवळ कुठल्याही सरकारी कॅम्पग्राउंडवर गेलात तर हाच आराखडा दिसतो.

जागा अशा बांधल्या की त्यांची संख्या ठरून जाते. मागणी वाढली म्हणून दोन झाडांमध्ये आणखी एक तंबू घुसवता येत नाही. उलट जागा कमीही होतात. जानेवारी १९९७ मध्ये मर्सेड नदीला पूर आला आणि योसेमिटी व्हॅलीतली अपर रिव्हर व लोअर रिव्हर ही दोन कॅम्पग्राउंडं कायमची बंद झाली. जागा वाढवता येत नसेल तर वाटून घ्यायला उरतो तो वेळ. मुक्कामाची मर्यादा म्हणजे ही वाटणी. एका कुटुंबाने जुलैभर व्हॅलीतल्या अपर पाइन्स कॅम्पग्राउंडची एक साइट धरून ठेवली तर चार-पाच कुटुंबांचा उन्हाळा जातो. त्यामुळे नियमातून पळवाट काढण्याचे उपाय या लेखात नाहीत. नियमात राहून जास्तीत जास्त रात्री कशा मिळवायच्या, तेवढंच इथे आहे.

पायरी १: जमीन कोणाची ते ओळखा

‘सरकारी कॅम्पग्राउंड’ हा एकच प्रकार नाही. एकाच डोंगराच्या दोन बाजूंना दोन खाती असतात आणि त्यांचे नियम वेगळे असतात. बुकिंगचं संकेतस्थळ मात्र बहुतेक वेळा एकच, रिक्रिएशन डॉट गव्ह. त्यामुळे ‘इथे १४ चालतात म्हणजे तिथेही चालतील’ असं वाटतं आणि घोळ होतो.

नॅशनल पार्क सर्व्हिसच्या उद्यानांत मर्यादा ठरवायचा अधिकार त्या-त्या उद्यानाच्या प्रमुखाला, म्हणजे सुपरिंटेंडंटला असतो. म्हणून प्रत्येक उद्यानाचा आकडा निराळा. यलोस्टोनमध्ये १ जुलै ते लेबर डे (सप्टेंबरचा पहिला सोमवार) या काळात १४ दिवस, उरलेल्या वर्षात ३० दिवस, आणि फिशिंग ब्रिज आरव्ही पार्कला मर्यादाच नाही. पण तिथे अस्वलांमुळे तंबू चालत नाहीत, पक्क्या भिंतींची गाडीच लागते. शेजारच्या ग्रँड टीटनमध्ये जेनी लेकला ७ दिवस, बाकीच्या कॅम्पग्राउंडवर १४, आणि वर्षाचे ३०. लॉस एंजेलिस-सॅन डिएगोकडच्या मंडळींच्या आवडीच्या जोशुआ ट्रीमध्ये वर्षाला ३० रात्री, पण ऑक्टोबर ते मे मिळून त्यातल्या १४ च. वाळवंटात गर्दी हिवाळ्यात असते, म्हणून मर्यादाही हिवाळ्यात कडक. जिथे जेव्हा गर्दी, तिथे तेव्हा आकडा लहान, एवढं सूत्र डोक्यात ठेवलं तर नवीन उद्यानाचा नियम वाचतानाही तो लवकर उलगडतो.

नॅशनल फॉरेस्ट ही जंगलं फॉरेस्ट सर्व्हिसची, म्हणजे कृषी खात्याखालची. तिथे प्रत्येक जंगलाचा स्वतंत्र आदेश असतो. बहुतेक ठिकाणी १४ दिवस, पण काही जंगलांत आणि काही कॅम्पग्राउंडवर आकडा कमी-जास्त असतो.

ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट, म्हणजे बीएलएम, हिच्या पश्चिमेकडच्या मोकळ्या जमिनींवर सर्वसाधारण नियम २८ दिवसांच्या काळात १४ दिवसांचा. ते संपले की ठरावीक अंतराबाहेर जावं लागतं. हे अंतर पुष्कळ ठिकाणी २५ मैल, म्हणजे ४० किलोमीटर आहे. तंबू उचलून पुढच्या वळणावर लावला तर घड्याळ पुन्हा शून्यावर येत नाही. बीएलएमच्या जमिनीवर लोक सर्वांत जास्त वेळा चुकतात ते इथेच.

चौथं खातं टेक्सास, जॉर्जिया, ओक्लाहोमा इथल्या मराठी कुटुंबांना जास्त जवळचं: आर्मी कोअर ऑफ इंजिनिअर्स. धरणांच्या तलावांकाठची कॅम्पग्राउंडं त्यांची असतात. अटलांटाजवळचा लेक लॅनिअर त्यातलाच. त्यांचा नियम देशभर एकच आणि स्पष्ट आहे: एका प्रकल्पावर, मग साइट एक असो की अनेक, कुठल्याही सलग ३० दिवसांत १४ दिवसांपेक्षा जास्त कॅम्पिंग लेखी परवानगीशिवाय नाही.

स्टेट पार्क राज्य सरकारांचे असतात. कॅलिफोर्नियात २०२३ च्या कायद्याने गर्दीच्या हंगामात एका पार्कमध्ये सलग ७ रात्री आणि वर्षात ३० रात्री अशी आरक्षणाची मर्यादा घातली. काउंटी आणि शहरांच्या पार्कांचे नियम आणखी वेगळे असतात, ते तिथल्याच पानावर पाहावे लागतात.

पायरी २: मूळ नियम वाचा

बुकिंगच्या पानावर ‘कमाल १४ रात्री’ असं दिसतं ते बहुधा एका आरक्षणापुरतं असतं. हंगामाची आणि वर्षाची मर्यादा तिथे नेहमी दिसतेच असं नाही. म्हणून मूळ कागद गाठा.

नॅशनल पार्कसाठी त्या कागदाचं नाव ‘सुपरिंटेंडंट्स कॉम्पेंडियम’. उद्यानाच्या अधिकृत संकेतस्थळावर व्यवस्थापनाच्या विभागात, कायदे आणि धोरणं या शीर्षकाखाली तो मिळतो. पानं भरपूर असतात, पण तुम्हाला हवं ते कलम २.१०, कॅम्पिंगचं. त्यात चार गोष्टी शोधा: सलग किती, हंगामात किती, वर्षात किती, आणि उद्यानातल्या एखाद्या भागाला वेगळा आकडा आहे का. याच कागदात कलम २.२२ ही वाचून ठेवा. सामान बेवारस सोडण्याचा नियम तिथे आहे, त्याचं काम पुढे पडतं.

नॅशनल फॉरेस्टसाठी त्या जंगलाच्या संकेतस्थळावर ‘फॉरेस्ट ऑर्डर्स’ ची यादी असते, तिच्यात मुक्कामाच्या मर्यादेचा आदेश शोधा. सापडला नाही तर रेंजर डिस्ट्रिक्टच्या कार्यालयाला फोन करा. बीएलएमसाठी फील्ड ऑफिसला. फोनवर प्रश्न नेमका विचारा: ‘मर्यादा किती?’ एवढंच विचारलंत तर ‘चौदा’ एवढंच उत्तर येईल. विचारायचं असं: ‘चौदा दिवस किती दिवसांच्या काळात? संपल्यावर किती दूर जायचं? आणि किती दिवसांनी परत येता येतं?’

पायरी ३: घड्याळ कोणतं ते पाहा

सगळा घोळ आकड्यापेक्षा मोजणीत होतो. मोजणीचे तीन प्रकार आहेत.

पहिलं कॅलेंडर वर्षाचं घड्याळ. १ जानेवारीला सुरू, ३१ डिसेंबरला बंद. योसेमिटीच्या ३० रात्री अशा मोजल्या जातात.

दुसरं हंगामाचं. त्याला ठरलेल्या तारखा असतात आणि त्याच्या पोटात आणखी एक छोटं घड्याळ असू शकतं. योसेमिटीचं उदाहरण घेऊ. मेअखेरच्या मेमोरियल डेच्या लाँग वीकेंडला अपर पाइन्समध्ये ३ रात्री काढल्या. जुलैत नॉर्थ पाइन्समध्ये ४ रात्री. व्हॅलीच्या ७ संपल्या. आता १५ सप्टेंबरपर्यंत व्हॅलीत किंवा वावोनात एकही रात्र उरली नाही, मग साइट रिकामी दिसली तरी. पण हंगामाच्या १४ पैकी ७ शिल्लक आहेत. त्या क्रेन फ्लॅट, हॉजडन मेडो किंवा टुओलमी मेडोज इथे वापरता येतील. त्या वापरल्या की १४ पूर्ण. हंगाम संपल्यावर वर्षाच्या ३० पैकी १६ उरतात, आणि तेव्हा व्हॅलीचं ७ चं बंधनही नसतं. ऑक्टोबरमध्ये व्हॅलीत गर्दी कमी असते, मेपल आणि ओकची पानं पिवळी होऊ लागतात, हवा कोरडी असते. आई-बाबांचं परतीचं तिकीट तोवरचं असेल तर लांबचा मुक्काम तेव्हा ठेवावा असं आमचं स्पष्ट मत आहे. धबधबे मात्र तेव्हा जवळजवळ आटलेले असतात, हे त्यांना आधीच सांगून ठेवा.

तिसरं घड्याळ सरकतं, आणि तेच सर्वांत फसवं. ‘कुठल्याही सलग ३० दिवसांत १४’ याचा अर्थ १ तारखेला खातं कोरं होतं असा नाही. आजची रात्र धरून मागचे ३० दिवस मोजायचे आणि त्यात १४ पेक्षा जास्त भरता कामा नयेत. समजा लॅनिअरला १ ते १० जून अशा १० रात्री झाल्या आणि पुढे २० ते २३ जून अशा ४. चौदा भरल्या. पुढची रात्र कधी? ३० जूनला मागचे ३० दिवस म्हणजे १ ते ३० जून. त्यात आधीच्या १४ आणि ही एक, मिळून १५. चालणार नाही. १ जुलैला ही ३० दिवसांची खिडकी २ जून ते १ जुलै अशी सरकते, १ जूनची रात्र बाहेर पडते आणि एक रात्र मोकळी होते. तिथून १० जुलैपर्यंत रोज एक जुनी रात्र गळते आणि एक नवी बसते, म्हणजे सलग १० रात्री राहता येतं. ११ जुलैला पुन्हा अडकता, कारण जूनमधल्या त्या ४ रात्री अजून खिडकीतच असतात. हे तोंडी करायला जाऊ नका. कॅलेंडरवर मुक्कामाच्या तारखा रंगवा, ३० चौकोनांएवढी कागदाची पट्टी कापा आणि ती सरकवत न्या.

आणखी एक बारकावा. काही नियम रात्रींत बोलतात, काही दिवसांत. दिवसांत मोजताना निघायचा दिवस धरायचा की नाही, हे ठिकाणागणिक बदलू शकतं. चौदाव्या दिवशी दुपारी निघणार असाल आणि नियम दिवसांचा असेल, तर आधीच कार्यालयात विचारून घ्या किंवा सरळ एक रात्र कमी धरा.

पायरी ४: मर्यादा माणसाला की साइटला?

मर्यादा साइटला नसते, राहणाऱ्यांना असते. पहिल्या आठवड्यात नवऱ्याच्या नावाने, दुसऱ्या आठवड्यात बायकोच्या नावाने आरक्षण केलं, तरी तंबू तोच, माणसं तीच आणि गाडीही तीच. रेंजर रोज फेरी मारतो, गाड्यांचे नंबर टिपतो. आरक्षणाच्या संगणकाने अडवलं नाही म्हणजे परवानगी मिळाली असं धरू नका. दोन नावांनी बुकिंग होऊन जातं, अडचण येते ती साइटवर.

उलट बाजूही पाहा. दोन कुटुंबं खरोखर वेगवेगळी असतील, पहिला आठवडा एक आणि दुसरा आठवडा दुसरं असं राहणार असेल, तर प्रत्येकाच्या ७ रात्री स्वतंत्र. फक्त ज्याच्या नावावर आरक्षण आहे त्याने स्वतः तिथे असायला हवं आणि ओळखपत्र दाखवायला हवं. आरक्षण मित्राच्या नावावर हलवता येईल या भरवशावर जास्तीच्या साइट धरून ठेवू नका.

माणसांची मोजणीही इथेच करून घ्या. योसेमिटीत एका साइटवर मुलं धरून ६ माणसं आणि २ गाड्या. आई-बाबा, तुम्ही दोघं, दोन मुलं, झाले सहा. सासूबाईही येणार असतील तर दुसरी साइट लागते. तान्हं बाळही मोजतात.

पायरी ५: बुकिंग

योसेमिटीची बहुतेक आरक्षणं दर महिन्याच्या १५ तारखेला पॅसिफिक वेळेनुसार सकाळी ७ ला एका महिन्याच्या गठ्ठ्याने खुली होतात. १५ जून ते १४ जुलै या काळात पोचणाऱ्यांसाठी तो दिवस १५ फेब्रुवारी. इतर पुष्कळ ठिकाणी आरक्षण सहा महिने आधीपासून करता येतं, आणि ही बुकिंगची खिडकी रोज एक दिवस पुढे सरकते.

या सरकत्या खिडकीचा गैरफायदा घेण्याची एक रीत बोकाळली होती. ४ जुलैचा वीकेंड हवा असेल तर त्याच्या दहा दिवस आधीपासूनचं लांबलचक आरक्षण करायचं, म्हणजे खिडकीच्या पलीकडच्या तारखाही हातात येतात, आणि मग सुरुवातीच्या रात्री कापून टाकायच्या. याला आळा घालायला रिक्रिएशन डॉट गव्हचा १८ दिवसांचा नियम आहे: आरक्षणाच्या तारखा खिडकीच्या पलीकडे जात असतील तर बुकिंगनंतर १८ दिवस त्यात बदल करता येत नाही. ज्यांना खरोखरच लांब मुक्काम करायचा आहे, त्यांना याचा काही त्रास नाही.

लांब मुक्कामाचे तुकडे पाडताना प्रत्येक तुकडा वेगळं आरक्षण ठेवा. १४ रात्री एकाच ओळीत मागितल्या तर ‘उपलब्ध नाही’ असंच येईल. ३, ४, २ असे तुकडे मागितले तर मिळण्याची शक्यता वाढते. वीकेंडला अनेक ठिकाणी किमान दोन रात्रींची आणि लाँग वीकेंडला तीनची अट असते, तेव्हा शुक्रवार-शनिवार एकाच तुकड्यात ठेवा.

रद्द करण्याचा खर्च आधीच माहीत असू द्या. साधं रद्द करणं १० डॉलर. आदल्या दिवशी किंवा पोचायच्या दिवशी रद्द केलं तर १० डॉलर आणि पहिल्या रात्रीचं भाडं. न कळवता गेलाच नाहीत तर २० डॉलर आणि पहिली रात्र. साइट तुमच्यासाठी पोचायच्या दुसऱ्या दिवशीच्या चेक-आउटपर्यंत राखून ठेवतात, त्यानंतर सबंध आरक्षण जातं. सॅन होजेहून निघायला उशीर झाला आणि मध्यरात्री पोचणार असाल तर घाबरायचं कारण नाही, पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पोचणार असाल तर फोन करून सांगायलाच हवं.

पायरी ६: उद्यान संपलं की जंगल

चौदाच्या पुढे जायचं असेल तर जमीन बदला. योसेमिटीच्या सभोवती स्टॅनिस्लॉस, सिएरा आणि इन्यो ही नॅशनल फॉरेस्ट आहेत, आणि तिथल्या रात्री उद्यानाच्या खात्यात पडत नाहीत. वीस रात्रींचा उन्हाळी बेत असा बसतो: व्हॅलीत ७, मग टुओलमी मेडोज किंवा क्रेन फ्लॅटला ७, मग टायोगा पास या घाटावरून उतरून ली व्हायनिंगच्या बाजूला इन्योच्या कॅम्पग्राउंडवर ६. ली व्हायनिंगहून टुओलमी मेडोज साधारण २० मैलांवर आहे, म्हणजे दिवसा उद्यानात फिरायचं आणि रात्री बाहेर झोपायचं, हे सहज जमतं. टायोगा रोड बर्फामुळे बहुधा नोव्हेंबर ते मेअखेर-जून बंद असतो, त्यामुळे हा क्रम जूनच्या सुरुवातीला धरू नका.

यलोस्टोन आणि ग्रँड टीटनही असेच जोडता येतात. दोन्ही स्वतंत्र उद्यानं, दोन्हींची खाती स्वतंत्र.

आई-बाबांना घेऊन ठरलेल्या कॅम्पग्राउंडबाहेर, मोकळ्या जंगलात राहायचा विचार असेल तर जरा थांबा. तिथे संडास नसतो, पाणी नसतं, मोबाइलची रेंज नसते. मर्यादेत बसतं म्हणून सोयीचं असतंच असं नाही.

पायरी ७: साइटवर पोचल्यावर

साइटच्या खांबावर चिमट्यात एक चिठ्ठी असते, तिच्यावर निघायची तारीख. ती तुमच्या आरक्षणाशी जुळते का, ते तंबू ठोकायच्या आधी पाहा. गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवायचा परवाना दिला असेल तर तो बाहेरून वाचता येईल असा ठेवा.

आरक्षण नसलेल्या, ‘हाजिर तो वजीर’ प्रकारच्या कॅम्पग्राउंडवर आधी साइट निवडायची, मग प्रवेशाजवळच्या लोखंडी पेटीपाशी जाऊन पाकीट भरायचं: नाव, साइट क्रमांक, गाडीचा नंबर, रात्री किती. सुटे पैसे किंवा चेक पाकिटात घालून ते फटीतून आत टाकायचं आणि फाडलेला तुकडा खांबाला लावायचा. काही ठिकाणी आता फोनवरून कोड स्कॅन करून पैसे भरता येतात. सुट्या नोटा सोबत ठेवा, पेटी मोड देत नाही.

इथे दोन चुका नेहमीच्या. पहिली, तंबू लावून निघून जाणं. गुरुवारी एकाने येऊन तीन साइटवर तीन तंबू ठोकायचे आणि मंडळाची बाकीची माणसं शनिवारी येणार, हे चालत नाही. पहिल्या रात्री साइटवर कोणीतरी राहायलाच हवं. कोअर ऑफ इंजिनिअर्सच्या नियमांत तर जागा अडवण्यासाठी सामान मांडण्यावर नाव घेऊन बंदी आहे. दुसरी चूक, मधेच एक-दोन रात्री हॉटेलात जाऊन येणं. नॅशनल पार्कमध्ये २४ तासांपेक्षा जास्त काळ सामान सोडलं तर ते बेवारस धरून जप्त करता येतं. कलम २.२२ ते हेच. भाडं भरलेलं असलं तरी तंबू रिकामा ठेवून फिरायला जाऊ नका.

मुक्काम वाढवायचा असेल तर शेवटच्या दिवसाची वाट पाहू नका. आदल्या दिवशी सकाळी कॅम्प होस्टला, म्हणजे कॅम्पग्राउंडवर राहून देखरेख करणाऱ्याला विचारा. तीन गोष्टी जुळल्या तरच वाढवून मिळतं: पुढची रात्र कोणी घेतलेली नाही, तुमची मर्यादा भरलेली नाही, आणि पैसे चेक-आउटच्या वेळेआधी भरले. त्याच कॅम्पग्राउंडवर दुसऱ्या साइटवर हलावं लागत असेल तर मधल्या तासांचा विचार करा. योसेमिटीत चेक-इन आणि चेक-आउट दोन्ही दुपारी १२ ला. नव्या साइटवरची आधीची मंडळी निघेपर्यंत सामान गाडीत राहणार, आणि खाण्याच्या वस्तू गाडीत ठेवल्या तर अस्वल काच फोडतं. म्हणून हलायच्या दिवशी एक माणूस सामानापाशी थांबेल असं ठरवा.

लवकर निघालात तर न सांगता जाऊ नका. होस्टला सांगा, चिठ्ठी काढून द्या. उरलेल्या रात्रींचे पैसे परत मिळतील की नाही ते तिथले लोक ठरवतात. पण साइट मोकळी झाल्याचं कळलं तर बाहेर गाडीत बसून वाट बघणाऱ्या कुणाची तरी सोय होते.

मुदत उलटली तर

आजारपण, बंद पडलेली गाडी, वणव्यामुळे बंद झालेला रस्ता अशी खरी अडचण असेल तर चेक-आउटच्या आधी रेंजरला गाठा. रेंजर ऐकून घेतात, पण ते तुम्ही आधी सांगितलं तर. मुदत उलटून गेल्यावर दिलेलं कारण सबबीसारखं वाटतं.

काहीच न सांगता राहिलात तर आधी बहुधा ताकीद मिळते, मग दंडाची नोटीस. नॅशनल पार्कमधला हा केंद्रीय कायद्याखालचा किरकोळ गुन्हा आहे. पण किरकोळ असला तरी कमाल शिक्षा सहा महिने कैद आणि दंड अशी आहे. प्रत्यक्षात बहुतेक प्रकरणं दंड भरून मिटतात. नोटिशीवर रक्कम आणि मुदत लिहिलेली असते. पैसे सेंट्रल व्हायोलेशन्स ब्युरोकडे भरायचे, किंवा मान्य नसेल तर मॅजिस्ट्रेटपुढे हजर व्हायचं. नोटीस खिशात घालून विसरून गेलात तर प्रकरण वाढतं, अटक वॉरंटपर्यंत जाऊ शकतं. दंड भरल्याची पावती आणि नोटिशीची प्रत जपून ठेवा. पुढे नागरिकत्वाचा एन-४०० अर्ज भराल तेव्हा कधी नोटीस किंवा सायटेशन मिळालं होतं का, असा प्रश्न त्यात असतो. तेव्हा ते लपवणं हे मूळ चुकीपेक्षा जास्त महागात पडू शकतं. अशी नोटीस मिळालेली असेल तर अर्जाआधी इमिग्रेशन वकिलाला दाखवा.

याच विषयाला लागून असलेली एक गोष्ट. जंगलात महिनोन्‌महिने दिसणारे काही तंबू सहलीचे नसतात, घर गमावलेल्या माणसांचे असतात. नॅशनल फॉरेस्टमध्ये वस्ती म्हणून राहण्यावर वेगळी बंदी आहे, आणि २८ जून २०२४ च्या ग्रँट्स पास निकालात सर्वोच्च न्यायालयाने शहरांना सार्वजनिक जागेत झोपण्यावर दंड करायची मुभा दिली. तो निकाल ऑरेगनमधल्या एका शहराच्या पार्कांबद्दलचा होता, सुट्टीतल्या कॅम्पिंगच्या मर्यादेशी त्याची गल्लत करू नका. शेजारच्या साइटवर असा कोणी दिसला तर त्याची मुदत मोजत बसू नका. ते रेंजरचं काम आहे, आणि मदतीचे पत्तेही त्याच्याकडे असतात.

निघण्याआधी लिहून ठेवायच्या नोंदी

एका कागदावर पाच रकाने पुरतात: उद्यान किंवा जंगलाचं नाव, कॅम्पग्राउंड, पोचायची तारीख, निघायची तारीख, झालेल्या रात्री. खाली त्या ठिकाणची हंगामाची आणि वर्षाची मर्यादा, आणि शिल्लक. घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसासाठी वेगळी ओळ ठेवा, कारण तुम्ही मित्रांबरोबर मार्चमध्ये काढलेल्या दोन रात्री तुमच्या खात्यात असतात, बायकोच्या नसतात. आरक्षणाच्या ईमेलची छापील प्रत सोबत घ्या, व्हॅलीत फोनला रेंज मिळेलच असं नाही. आणि वर्षाच्या ३० रात्रींचा कागद ३१ डिसेंबरपर्यंत फाडू नका. नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत जोशुआ ट्रीला जायचं ठरलं तर ऑक्टोबरपासूनच्या १४ तल्या किती गेल्या, ते तिथेच सापडेल.